संग्रह : दालन सातचा रखवालदार

त्याला म्युझियममध्ये सगळे सात नंबर म्हणत. सगळे म्हणजे रखवालदार, सफाईवाल्या बायका, तिकीट खिडकीवरचा माणूस आणि कॅन्टीनवाला. साहेबलोक त्याला काहीच म्हणत नसत, कारण त्यांच्यावर त्याला हाक मारायची वेळच आली नव्हती. एकवीस वर्षं तो दालन क्रमांक सातमध्ये उभा होता. उभा म्हणजे अक्षरशः उभा. रखवालदाराला बसायला मिळालं की तो पेंगतो, असं फार पूर्वी कुणा अधिकाऱ्याने ठरवलं होतं. तो अधिकारी गेला, त्याच्या खुर्चीत आणखी सहाजण बसून गेले, नियम तेवढा राहिला.

सातमध्ये चौदा तैलचित्रं होती. काही चांगली, काही नुसतीच मोठी. पहिली दोन वर्षं त्याने चित्रांकडे पाहिलंच नाही, माणसांच्या हातांकडे पाहिलं, कारण पगार त्याचा होता. पण डोळे उघडे ठेवून उभा राहिलेला माणूस किती दिवस न बघता राहणार? तिसऱ्या वर्षी कधीतरी तो बघायला लागला आणि मग त्याचं त्यालाच एकेक कळत गेलं. दारासमोरचं सोनेरी चौकटीतलं चित्र, ज्याच्यापुढे लोक हमखास थांबतात, ते आठवड्याभरात विटतं. आणि कोपऱ्यातलं, वाळत घातलेले कपडे आणि अर्धी भिंत एवढंच असलेलं, ज्याला कुणी हिंग लावून विचारत नाही, ते सहा वर्षांनीही काहीतरी नवं दाखवतं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. एकदाच, माहिती सांगणाऱ्या बाई वीस पाहुण्यांपुढे म्हणाल्या की या चित्रात कोवळ्या सकाळचा उजेड आहे, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, की मॅडम, उजेड संध्याकाळचा आहे, कपडे वाळून कडक झालेत बघा. बाई हसल्या, पाहुणे हसले. कपडे मात्र वाळलेलेच होते.

त्याच्या छंदाची सुरुवात एका वादावादीने झाली. दालनात मोबाइल वापरायला बंदी होती आणि एक जाडसर गृहस्थ पाहुण्यांच्या बाकावर बसून, चौदा चित्रांकडे पाठ करून मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला होता. सात नंबरने त्याला हटकलं. गृहस्थ म्हणाला, मीसुद्धा चित्रच बघतोय. सात नंबर म्हणाला, इथली बघा, तिकीट त्याचं काढलंय. असं करता करता शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी गृहस्थाने मोबाइलच त्याच्या नाकासमोर धरला.

काळ्या-पांढऱ्या चौकोनांची एक खुर्ची होती. चाळीस चौकोन आडवे, चाळीस उभे, बस्स. त्यात एका पायाला एक चौकोन कमी होता. एवढ्याशा उणिवेने ती खुर्ची अशी काही कलली होती, की बघणाऱ्याला वाटावं, आत्ता हिच्यावरून कुणीतरी उठून गेलंय आणि परत येणार नाहीये. सात नंबर बघत राहिला. त्याच्या लक्षात आलं की आपण कुणाच्याही हातांकडे लक्ष न देता दोन मिनिटं घालवलीत.

तो गृहस्थ म्युझियमच्या मागच्या गल्लीत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवायचा. तीन दिवसांनी सुट्टीच्या वारी सात नंबर त्या दुकानात जाऊन धडकला. काउंटरवर उघडी पडलेली यंत्रं, तारांची भेंडोळी, खोक्यात बिनझाकणाचे कीबोर्ड. दुरुस्तीवाल्याने स्टूल पुढे केलं आणि सगळं समजावून सांगितलं. ते चित्र कुठल्या कंपनीच्या कपाटात नाही. क्रिप्टो नाणं असतं ना, त्याच्या ब्लॉकचेनवर ते कोरलेलं आहे. ब्लॉकचेन म्हणजे एकच वही, जगभर हजारो संगणकांवर तीच्या तीच. एकदा पान भरलं की त्यातलं अक्षर कुणाला हलवता येत नाही. चित्राचा चौकोन न् चौकोन त्या पानावर, एका नाण्याच्या कणभर तुकड्यावर कोरलेला. तो कण ज्याच्याकडे, चित्र त्याचं. बघायला मात्र सगळ्यांना मोकळं.

सात नंबरने आपल्या धंद्याला साजेल असाच प्रश्न विचारला.

"मग त्याची राखण कोण करतं?"

"कुणीच नाही," दुरुस्तीवाला म्हणाला. "म्हटलं तर सगळेच."

हे उत्तर त्याला झोंबलं आणि आवडलंही. जन्मभर त्याने ज्या गोष्टीचा पगार घेतला, ती गोष्ट या चित्राला लागतच नव्हती.

ती खुर्ची दुरुस्तीवाल्याच्या मालकीची होती. सात नंबरने मागितली, त्याने नाही म्हटलं. सात नंबर दर आठवड्याला जाऊन मागत राहिला. दोन महिन्यांनी दुरुस्तीवाला म्हणाला, काका, तुम्ही हिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त वेळ बघता, घेऊन टाका, मला पडली तेवढ्यालाच. सिगारेट सोडून वाचलेले पैसे सात नंबरने तिच्यात घातले. मालकीची किल्ली म्हणजे बारा शब्द होते, एकापुढे एक, अर्थाशी काही संबंध नसलेले. ते त्याने कागदावर लिहिले आणि बायकोकडे दिले. तिने ते वाचले, याला कविता म्हणतात का असं विचारलं आणि बटणांच्या डब्यात टाकून दिले.

चित्रकाराचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. बाई की बुवा, तेही नाही. सही म्हणून मुंगी एवढंच. मुंगीने अशी चाळीस चित्रं कोरली होती आणि सगळी घरातल्या नाहीतर रस्त्यावरच्या साध्यासुध्या वस्तूंची. ठिबकणारा नळ, एकच बूट, बंद खिडकीत विसरलेला ग्लास. सात नंबरने ठरवलं की ती जमवायची. पण डोळे झाकून नाही. त्याची एक पद्धत होती. चित्र मोबाइलवर ठेवायचं आणि आठ दिवस, दर मधल्या सुट्टीत, कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून बघायचं. आठव्या दिवशी कंटाळा आला तर सोडून द्यायचं. नाही आला तर मालकाचा पत्ता काढून निरोप धाडायचा. चार वर्षांत एकतीस चित्रं झाली. उरलेली नऊ त्याला परवडत नव्हती म्हणून नव्हे, आठव्या दिवशी टिकली नाहीत म्हणून राहिली.

लोकांनी हसायचं ते हसून घेतलं. दालन तीनची रखवालदारीण जिभेची तिखट होती. ती म्हणाली, ज्याला राखण लागत नाही ते तू विकत घेतोस, म्हणजे आपल्याच पोटावर पाय देणाऱ्याला तू पोसतोस. जावई हिशेबात पक्का माणूस. त्याने बसवून विचारलं की बाबा, जे कुणालाही फुकट बघता येतं त्याचे पैसे कसले मोजता? सात नंबर म्हणाला, म्युझियमच्या दारासमोरची बागसुद्धा सगळ्यांना फुकट बघता येते, म्हणून ती कुणाची नाही का? जावयाला ते काही पटलं नाही.

मग दुसऱ्या वर्षी त्या चित्रांचे भाव असे चढले की ज्याचं नाव ते. एका कललेल्या खुर्चीला खऱ्याखुऱ्या चारशे खुर्च्या येतील एवढी रक्कम कुणी परदेशातून देऊ केली. जावई दुसऱ्याच दिवशी सकाळी हजर. आता त्याला चित्रकला कळायला लागली होती. मुलगीही म्हणाली, बाबा, अशी संधी पुन्हा येत नाही. सात नंबर म्हणाला, मी संधी घेतलेली नाही, खुर्ची घेतलीय. सहा महिन्यांनी भाव जसे चढले तसेच कोसळले, चारशेच्या चार खुर्च्या राहिल्या, आणि तेच जावईबापू सांगायला लागले की मी तेव्हाच म्हणत होतो. त्या पडत्या काळात, जेव्हा लोक ही चित्रं टाकून पळत होते, तेव्हा सात नंबरने एकामागून एक अकरा घेतली. त्याला सगळे वेडा म्हणाले. तो म्हणाला, आजवर शहाणा कधी म्हणाला होतात?

आणि मग म्युझियमने प्रदर्शन काढायचं ठरवलं.

विषय होता संगणकावर जन्मलेली चित्रं. प्रदर्शनाचं काम बघणारी अधिकारी हुशार मुलगी होती, नव्यानेच लागलेली, आणि तिला मुंगीची चित्रं हवीच होती. शोधता शोधता तिला दिसलं की चाळीसपैकी एकतीस एकाच संग्राहकाकडे आहेत, आणि चित्रांच्या बाजारात तो "सात नंबर" या नावाने वावरतो. तिने मुंगीला पत्र लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं. चित्रं सगळ्यांनी बघायचीच आहेत, ज्याची आहेत त्याला तेवढं विचारा. मग तिने सात नंबरला फार अदबीचा निरोप धाडला, की आपला संग्रह थोर आहे, आपण मंगळवारी अकरा वाजता आमच्या कार्यालयात येण्याची कृपा कराल का? सात नंबरने तो निरोप कपडे बदलायच्या खोलीत वाचला आणि तीन नंबरला दाखवला. ती म्हणाली, जा, पण गणवेशातच जा.

मंगळवारी अकराला तो वरच्या मजल्यावर गेला. अधिकारी मुलीने टेबलावर फुलं ठेवली होती, चांगले कप काढले होते. त्याला दारात बघून ती म्हणाली, "बरं झालं आलात. खाली एक पाहुणे येतील, मोठे संग्राहक आहेत. त्यांना नीट वर घेऊन या."

"आलेत ते," सात नंबर म्हणाला.

ती उठून त्याच्या मागे बघायला लागली. मागे कुणी नव्हतं. मग त्याने मोबाइल काढून तिचाच निरोप तिच्यापुढे धरला. तिच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ, मग लाज आणि मग खराखुरा आनंद, असं सगळं पाऊण मिनिटात येऊन गेलं. चांगली होती पोरगी. तिने त्याला तिथल्या खुर्चीत बसवलं, चहा स्वतः ओतला आणि दीड तास प्रश्न विचारत राहिली. ग्लासच्या चित्रात तळाशी एक चौकोन काळा का सोडलाय, हे तिला कळलं नव्हतं. त्याने सांगितलं, पाणी संपलंय पण थेंब राहिलाय, म्हणजे ग्लास आत्ताच कुणीतरी ठेवलाय. तिने ते लिहून घेतलं. एकवीस वर्षांत त्या इमारतीत त्याचं बोलणं कुणी लिहून घेण्याची ही पहिलीच वेळ.

बिनसलं ते संचालकबाईंकडे. बाई वाईट नव्हत्या. म्युझियम चालवायला देणगीदार लागतात आणि देणगीदारांना काय रुचतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी आधी सुचवलं की एवढा संग्रह त्याने म्युझियमला भेटच द्यावा, तो त्याचाच मान होईल. सात नंबर म्हणाला, भेट नाही, दाखवायला देतो, पैसे नकोत, फक्त पाटीवर लिहा. काय लिहायचं? "संग्रह : दालन सातचा रखवालदार." बाई म्हणाल्या, आपण "खाजगी संग्रह" लिहू, तशीच पद्धत आहे. तो म्हणाला, पद्धत ठीक आहे, पण ज्यांना नाव लपवायचंय त्यांच्यासाठी. मला नाही लपवायचं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे बघा, मी स्पष्टच सांगते. रखवालदाराचा संग्रह असं लिहिलं तर लोक ही चित्रं गंभीरपणे घेणार नाहीत."

"मग लोक गंभीरपणे घेतात कशाला, मॅडम? चित्राला, की खालच्या नावाला?"

"प्रश्न तो नाही."

"माझा तोच आहे," सात नंबर म्हणाला आणि चित्रं देणार नाही असं सांगून खाली आपल्या जागेवर येऊन उभा राहिला.

पुढच्या सोमवारी त्याच्या हातात बदलीचा कागद पडला. दालन सातऐवजी आता प्रवेशद्वाराशी, पाहुण्यांच्या पिशव्या आणि छत्र्या ठेवून घ्यायच्या खिडकीवर. कागदावर कारण लिहिलं होतं, कामाची सोय. तिथे बसायला खुर्ची होती, पण चित्र एकही नव्हतं. पिशवी घ्यायची, पितळी बिल्ला द्यायचा, बिल्ला घ्यायचा, पिशवी द्यायची. आणि त्याच आठवड्यात अधिकारी मुलगी खाली मान घालून खिडकीशी आली. वर ठरलं होतं की चित्रं सगळ्यांना बघायला मोकळीच आहेत, चित्रकाराचीही हरकत नाही, तेव्हा ती सरळ पडद्यांवर दाखवायची. मुंगीच्या दोन ओळींपैकी वरची ओळ तेवढी बाईंनी वाचली होती. ती म्हणाली, मी भांडले काका, पण माझं काही चाललं नाही.

सात नंबर दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाल्याने ऐकून घेतलं आणि खरं ते सांगितलं. बघायला मोकळं आहे म्हणूनच तर आपण हे घेतो. दाखवण्यापासून त्यांना कोण अडवणार, आणि अडवावं तरी कशाला? बागेचा दाखला तर सात नंबरनेच दिला होता. घरी येऊन तो जेवायच्या टेबलाशी बसला. बायकोला म्हणाला, जाऊ दे, चित्रं दिसतील लोकांना, आणखी काय पाहिजे.

बायको दवाखान्यात आया होती. तेवीस वर्षं तिने वॉर्डात चादरी बदलल्या होत्या, उलट्या पुसल्या होत्या, आणि ती शांतपणे बोलणारी बाई होती.

"मला तुमची ती चित्रं अजून कळत नाहीत," ती म्हणाली. "शाळेच्या वहीतल्या चौकटी वाटतात. पण आमच्याकडे पेशंट बरा झाला की फलकावर नाव डॉक्टरचं लागतं. मी कधी बोलले नाही, कारण पेशंट माझा नव्हता. ही चित्रं तुमची आहेत. तुम्ही गप्प बसलात तर मी कुणाकडे बघू?"

तो रात्रभर नीट झोपला नसेल, पण सकाळी उठला तो ठरवूनच. दुरुस्तीवाल्याचं दुकान उघडायच्या आधी तो पायरीवर जाऊन बसला. त्याने विचारलं, चित्र कोरता येतं, तसं साधं वाक्य कोरता येतं का? येतं, दुरुस्तीवाला म्हणाला, आणि जरा विचार करून पुढे म्हणाला, त्याहून बरं करता येतं. एखाद्या चित्राला पोर जोडता येतं. म्हणजे आधीच्या चित्राखाली नवं काही कोरायचं, पण ते कोरायला आधीचं चित्र हातात असावं लागतं. दुसऱ्या कुणाला नाही जमत. मग ते चित्र जगात कुणीही उघडलं की खाली त्याचं पोर दिसणारच.

सात नंबरने बटणांच्या डब्यातून बारा शब्द आणले. वाक्य लिहायला त्याला दोन तास लागले. आधी त्यात म्युझियमबद्दल चार खरमरीत शब्द होते, ते त्याने स्वतःच खोडले. चित्राखाली भांडण नको, म्हणाला. शेवटी उरलं ते असं : "हा संग्रह दालन सातच्या रखवालदाराचा आहे. एकतीस चित्रं. प्रत्येक आठ दिवस पाहून मग घेतलेलं." दुरुस्तीवाल्याने विचारलं, नक्की ना? नंतर एक अक्षरसुद्धा हलणार नाही. सात नंबर म्हणाला, म्हणूनच. आणि कललेल्या खुर्चीखाली ते वाक्य कोरलं गेलं. मग एकेक करून बाकीच्या तीस चित्रांखालीही.

प्रदर्शन उघडलं. भाषणं झाली, देणगीदार आले, त्यांच्या छत्र्या आणि पिशव्या सात नंबरने घेतल्या आणि बिल्ले दिले. वर काळ्या भिंतीवर एकतीस पडदे लावले होते आणि पाटीवर लिहिलं होतं, मुंगी, खाजगी संग्रह. अधिकारी मुलीने मात्र हट्टाने प्रत्येक चित्राखाली त्याचा ब्लॉकचेनवरचा क्रमांक आणि मोबाइलने टिपायचा क्यूआर कोडचा चौकोन छापला होता, म्हणजे ज्याला अस्सल बघायचं असेल त्याने तिथल्या तिथे बघावं. तिला वाक्याचं माहीत होतं की नाही, हे तिने कधी सांगितलं नाही.

दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी एक म्हातारं जोडपं पिशवी परत घ्यायला आलं आणि बाईने बिल्ला हातातच ठेवून विचारलं, दालन सातचा रखवालदार म्हणजे कोण हो? सात नंबर म्हणाला, मी. बाईने नवऱ्याला कोपर मारलं. दोघं अर्धा तास खिडकीशी उभी राहिली आणि मागे रांग लागली. मग रोज कुणी ना कुणी विचारायला लागलं. एक चित्रकलेचे मास्तर सगळा वर्ग घेऊन आले. त्यांनी पोरांना आधी खिडकीशी आणलं, मग वर नेलं, आणि खाली आल्यावर पोरांनी सात नंबरला असे प्रश्न विचारले की त्याची दोनदा बोबडी वळली. एका वर्तमानपत्रवाल्याने बातमी छापली. बातमीत म्युझियमला नावं ठेवली नव्हती, नुसतं विचारलं होतं की ब्लॉकचेनवर जे लिहिलंय ते भिंतीवर का नाही?

दहाव्या दिवशी संचालकबाईंनी त्याला वर बोलावलं.

"ते वाक्य काढून टाका," त्या म्हणाल्या.

"निघत नाही, मॅडम."

"म्हणजे तुम्ही काढणार नाही."

"म्हणजे निघतच नाही. मी काढतो म्हटलं तरी नाही. आता ते माझ्याही हातात नाही." मग तो म्हणाला, "पाटी मात्र निघते. ती तुमच्या हातात आहे."

बाईंनी घासाघीस केली, नाही असं नाही. "संग्रहालयाचे एक ज्येष्ठ कर्मचारी" असं लिहू का, म्हणाल्या. तो म्हणाला, ज्येष्ठ तर लिफ्टसुद्धा आहे. "दालन साहाय्यक" लिहू का, कागदोपत्री पद तेच आहे. तो म्हणाला, कागदोपत्री माझं काम सोयीसाठी बदललंय, कागदाचं काय घेऊन बसता. शेवटी बाईंनी फोन उचलला आणि अधिकारी मुलीला पाटी बदलायला सांगितलं, त्याने सांगितले होते त्याच शब्दांत. ठेवताना म्हणाल्या, "तुम्हाला परत सातमध्ये पाठवता येणार नाही. तसं केलं तर वाटेल मी झुकले."

"नका पाठवू," सात नंबर म्हणाला. पाठवलं असतं तर त्याला हवंच होतं. वाळत घातलेल्या कपड्यांचं ते चित्र त्याला रोज आठवायचं. पण ते त्याने तिथे बोलून दाखवलं नाही.

बदली रद्द झाली नाही ती नाहीच. निवृत्त होईपर्यंत तो पिशव्यांच्या खिडकीवरच राहिला, आणखी तीन वर्षं. दुपारी अर्धा तास तो सातमध्ये जाऊन यायचा, पाहुण्यासारखा. म्युझियमने पुढे पत्र पाठवून त्याची चित्रं विकत मागितली. त्याने चार शब्दांत नाही कळवलं. जावई अजून विचारतो, बाबा, तुमच्यामागे त्या बारा शब्दांचं काय? सात नंबर म्हणतो, जो आठ दिवस बघायला तयार होईल त्याला देईन, तुम्ही अजून पाच मिनिटांवर गेला नाहीत.

प्रदर्शनाच्या शेवटच्या रविवारी त्याची बायको आली. इतक्या वर्षांत ती त्या इमारतीत कधी आलीच नव्हती, कारण म्युझियम बंद असायचं नेमकी तेव्हाच तिची सुट्टी असायची. त्या दिवशी तिने पाळी बदलून घेतली. खिडकीशी येऊन तिने बाकीच्यांसारखी पिशवी दिली, बिल्ला घेतला आणि एकटीच वर गेली. तीन नंबर तिच्यासोबत जायला निघाली होती, तर तिने नको म्हटलं. पाऊण तासाने ती खाली आली तेव्हा सात नंबरची सुट्टी व्हायची वेळ झाली होती. दोघं बाहेर पडली.

"पाटी वाचली," ती म्हणाली.

"आणि चित्रं?"

"बादली चांगली आहे."

सात नंबर रस्त्यातच थांबला. एकतीसात एक बादली होती खरी, कडी पडलेली, आणि तीच एक घेतल्याचा त्याला पस्तावा होता. घेताना आवडली होती, वर्षभरात विटली. त्याने तसं सांगितलं. सांगितलं की बघ, बादलीत सगळं एका नजरेत कळतं, मागे काही उरत नाही, खुर्ची बघ, ग्लास बघ. ती म्हणाली, खुर्ची काय, कलली आहे, दुरुस्त करायला हवी. बादली भरलेली आहे. उचलणाऱ्याने कडी सोडून हात झटकलाय, हाताला रग लागली म्हणून.

"भरलेली कशावरून?"

"कडी कुठल्या बाजूला पडलीय ते बघा जरा. तुम्ही कधी भरलेली बादली उचललीय?"

त्याने मोबाइल काढला, चित्र मोठं केलं आणि उन्हात हाताचा आडोसा करून चौकोन मोजायला लागला. बस आली आणि गेली. दुसऱ्या बसमध्ये बसल्यावरही तो तिला समजावत होता की कडीवरून काही ठरत नाही, आणि ती खिडकीबाहेर बघत म्हणत होती, ठरतं.